आड आणि आत्या

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेआठला बाबांचा फोन आला. वीकेंडला नऊच्या आत घरून फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. पण बाबांचा आवाज ठणठणीत होता. प्रश्न मात्र भलताच होता.

"मागच्या खोलीतल्या आडाचं गिऱ्हाइकाला सांगायचं का रे?"

मी अर्धवट झोपेत. "कुठला आड?"

"आपला. फरशीखालचा."

मग लख्ख आठवलं. सोलापुरात साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. आजोबा गिरणीत कामाला होते. त्यांनी पै पै साठवून १९६८ साली ते घेतलं. आत्ता जिथं मागची खोली आहे तिथं तेव्हा उघडं अंगण होतं आणि अंगणात आड. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: आड म्हणजे घराच्या आवारातली अरुंद विहीर.) ७२ च्या दुष्काळात तो ठार कोरडा पडला. पुढे आजोबांनी दगडमाती टाकून बुजवला, वर शहाबादी फरशी घातली आणि खोली बांधली. तेव्हापासून दर चार-पाच पावसाळ्यांनी त्या कोपऱ्यातली फरशी दोन बोटं खाली जाते आणि शेजारच्या भिंतीला भेग पडते. घरात "आड बसला" असं म्हणायचं, गवंडी बोलवायचा, आणि पुढची चार-पाच वर्षं विसरून जायचं. मी लहानपणी त्या कोपऱ्यात गोट्या खेळायचो, कारण गोट्या आपोआप तिकडेच जायच्या!

आता बाबा रिटायर झालेत, आईचे गुडघे दुखतात, आणि दोघं जुळे सोलापुरात लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतायत. त्यासाठी जुनं घर विकायचं. घर बघायला एक तरुण जोडपं आलं होतं, दोघंही शिक्षक. त्यांना घर आवडलं. एजंट बाबांना कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "साहेब, मागच्या खोलीत नवी स्टाइल बसवून टाका आणि मोकळे व्हा. कोण खणून बघतंय?" काकांचंही तेच मत. बाबांना मात्र रात्रभर झोप नाही.

"कायद्यात काय आहे ते बघून सांग. तू नेटवर असतोसच की दिवसभर."

मी वकील नाही, मी कोड लिहितो. पण बाबांनी काम सांगितलं म्हटल्यावर बसलो वाचत. दोन वीकेंड गेले. आडाचा प्रश्न सुटला, पण त्याच फरशीखालून आमच्या घरातली आणखी एक गोष्ट वर आली. ती शेवटी सांगतो.

कल्याणीचा पंडित

सुरुवात आमच्या शेजारूनच करू. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पुढे बसवकल्याण येतं. तीच चालुक्यांची कल्याणी. सहावा विक्रमादित्य तिथं १०७६ ते ११२६ राज्य करत होता, आणि त्याच्या दरबारात विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. त्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात हिंदू कुटुंबांच्या वाटण्या या पुस्तकाच्या आधारे झाल्या, इंग्रजांच्या कोर्टातसुद्धा.

त्यात जमिनीच्या व्यवहाराबद्दल एक जुनं वचन चर्चेला घेतलंय. त्याचा मतितार्थ असा की जमीन एकाची दुसऱ्याकडे जाते ती सहा गोष्टींनी: गावाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि वारसांची संमती, वर सोनं आणि पाणी. (वचनात शेजाऱ्यांना 'सामंत' म्हटलंय. सामंत म्हणजे मांडलिक राजा असं शाळेत घोकलेलं, त्यामुळे मी आधी चक्रावलोच. इथं तो म्हणजे ज्याची हद्द तुमच्या हद्दीला लागते तो माणूस.)

विज्ञानेश्वराचं स्पष्टीकरण मला फार आवडलं. तो म्हणतो, गावाची परवानगी लागते असं नाही. गावाला विचारायचं ते व्यवहार जगजाहीर व्हावा म्हणून. शेजाऱ्यांना विचारायचं ते हद्दीचा वाद उरू नये म्हणून. भाऊबंदांना विचारायचं ते हे लोक विभक्त आहेत की एकत्र, अशी शंका नंतर निघू नये म्हणून.

म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी 'विकणाऱ्याने काय सांगायचं' हा प्रश्न फारसा येत नव्हता, कारण सांगायला अख्खं गाव हजर होतं. कुणाच्या अंगणातला आड कधी बुजवला, कुणाची बहीण कुठं दिली, कुणाचं कर्ज कुणाकडे, हे घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या आधी ठाऊक. पाहणी, चौकशी आणि साक्षीदार, तिन्ही एकाच पारावर.

पुढे मराठेशाहीतली मोडी खरेदीखतं असोत की आजची कॉम्प्युटरवर टाइप केलेली, त्यात या जुन्या पद्धतीच्या खुणा शिल्लक आहेत. चतुःसीमा लिहायच्या: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. साक्षीदार घ्यायचे. आणि आजच्या बहुतेक खरेदीखतांत सापडणारं ते वाक्य: कोणी हिल्ला-हरकत केल्यास लिहून देणाराने स्वखर्चाने निवारण करून द्यावं. वकिलांकडून पेपरात येणारी 'जाहीर नोटीस'सुद्धा मला आता वेगळी दिसायला लागलीय. चौदा दिवसांत हरकत कळवा, नाहीतर काही हरकत नाही असं समजू! सोलापूरच्या पेपरांत शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टायपात छापलेली ती नोटीस म्हणजे विज्ञानेश्वराचा गाव. फक्त आता ती कुणी वाचत नाही, एवढाच फरक.

साहेबाचा घोडा

इंग्रज आले ते येताना त्यांचं तत्त्व घेऊन आले: घेणाऱ्याने बघून घ्यावं. लॅटिनमध्ये त्याला 'कॅव्हिएट एम्प्टर' म्हणतात. बाजारात वांगी घेताना किडकं निघालं तर आई मलाच ओरडते, भाजीवाल्याला नाही, त्यातलाच प्रकार.

१८७२ च्या करार कायद्याचं १७ वं कलम वाचा, गंमत वाटेल. त्यात फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगितलंय, आणि उदाहरणं घोड्याची आहेत. एकाने घोडा लिलावात विकला. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही. ही फसवणूक? नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. आता समजा घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. मग मात्र नातंच असं आहे की बापाने सांगायलाच हवं. आणि तिसरं उदाहरण सगळ्यात भारी: घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो." विकणारा गप्प. इथं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

घर घेणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांनी हे तिसरं उदाहरण लक्षात ठेवावं. प्रश्न विचारला की समोरच्याच्या मौनाचा अर्थ बदलतो.

पण घर म्हणजे घोडा नव्हे. घोड्याला चार पावलं चालवून बघता येतं. फरशीखाली काय आहे ते चालून कळत नाही. म्हणून दहा वर्षांनी, १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला, तेव्हा त्याच्या ५५ व्या कलमात घराच्या आणि जमिनीच्या विक्रीपुरता नियम उलटा फिरवला. विकणाऱ्याने काय सांगायचं? मालमत्तेतला किंवा तिच्यावरच्या आपल्या हक्कातला असा महत्त्वाचा दोष, जो (१) विकणाऱ्याला माहीत आहे, (२) घेणाऱ्याला माहीत नाही, आणि (३) घेणाऱ्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता. तिन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन कंडिशन्स आणि मध्ये 'अँड'. आणि कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: असा दोष न सांगणं हीच लबाडी धरली जाईल. म्हणजे करार कायद्यात जे मौन निरपराध होतं, ते इथं गुन्हेगारासारखं उभं केलंय.

गंमत म्हणजे हा कायदा १ जुलै १८८२ ला लागू झाला, पण मुंबई इलाख्यात नाही! आपल्याकडे तो १ जानेवारी १८९३ पासून आला. म्हणजे जवळपास साडेदहा वर्षं मद्रासकडच्या घरमालकाला कलम ५५ होतं आणि सोलापूरच्या घरमालकाला नव्हतं. आणि सोलापूरला आलं तरी जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या अक्कलकोटात संस्थानचा कारभार, तिथं ब्रिटिश हद्दीतले कायदे आपोआप चालत नव्हते.

याच काळात सोलापूर बदलत होतं. १८७० च्या दशकात पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली, मग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून कामगार आले. पेठांमधून अशी माणसं राहायला लागली की ज्यांचे आजे-पणजे एकमेकांना ओळखत नव्हते. घर घेणारा परका, विकणारा परका. पारावरचं गाव संपलं की सांगण्याचं ओझं कुणावर तरी टाकावं लागतं. कायद्याने ते विकणाऱ्यावर टाकलं, कारण त्याला माहीत असतं.

त्याच जोडीला घेणाऱ्यालाही मोकळं सोडलं नाही. १९२९ च्या दुरुस्तीने असं ठरवलं की एखादा दस्त नियमाप्रमाणे रजिस्टर झालेला असेल तर तो तुम्हाला माहीतच आहे असं धरलं जाईल. घरात विकणाऱ्याऐवजी भलताच कुणी राहत असेल तर त्याचा जो काही हक्क असेल तोही तुम्हाला माहीत आहे असंच धरणार. तुम्ही गेलात की नाही, बघितलंत की नाही, हा तुमचा प्रश्न. म्हणून सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू आणि सिटी सर्व्हेचा उतारा ही सगळी भानगड करायची.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. त्याच कलमात घेणाऱ्यावरही सांगण्याची जबाबदारी आहे. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल अशी एखादी गोष्ट तुम्हाला माहीत असेल की जिच्यामुळे त्या हक्काची किंमत बरीच वाढते, आणि ती बिचाऱ्या विकणाऱ्याला ठाऊक नसावी असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही ती सांगायची. गप्प बसून स्वस्तात घ्यायचं नाही. न सांगितलंत तर तीही लबाडीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

न्यूयॉर्कचं भूत

'साधी काळजी घेऊनही सापडणार नाही' ही कसोटी किती लांब जाते? थोडा सातासमुद्रापारचा किस्सा. न्यूयॉर्क राज्यात नायॅक नावाच्या गावी एक जुना मोठा बंगला होता. मालकीणबाईंनी १९७७ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये आणि गावच्या पेपरात आपल्या घरात भुतं असल्याचं सांगितलं होतं. घर त्यासाठीच प्रसिद्ध झालं. पुढे ते शहरातल्या एका माणसाने विकत घ्यायचं ठरवलं, इसार दिला. त्याला भुतांचं कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर तो कोर्टात गेला. १९९१ साली निकाल लागला, स्टॅम्बोव्स्की विरुद्ध ॲक्ली. कोर्टाने म्हटलं, तुम्हीच जगाला सांगितलंत की घरात भूत आहे, आता नाही म्हणता येणार नाही. सबब कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेलं आहे! आणि भूत काही घेणाऱ्याला घर फिरून बघताना सापडणारी गोष्ट नव्हे. त्याला सौद्यातून बाहेर पडू दिलं.

हसू येतं, पण कसोटी आपलीच आहे. विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, शोधून सापडत नाही. न्यूयॉर्कात भूत, साखर पेठेत आड.

आणि याउलट बाजू. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाबांनी सांगितलंच पाहिजे का? माझ्या मते नाही. उजनी भरलेली असतानाही नळाची वाट बघणारं हे गाव आहे. गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारलं तर ती वार आणि वेळ सांगेल. समोर दिसणारा दोष, चौकशी करून कळणारा दोष, तो बघणं घेणाऱ्याचं काम.

जिथं बघायला घरच नाही

आता इतिहासातला सगळ्यात मोठा बदल. वर जे जे सांगितलं त्यात एक गोष्ट गृहीत आहे: घर उभं आहे, आणि घेणारा ते जाऊन बघू शकतो. पण मुंबईत ओनरशिप फ्लॅटचा जमाना सुरू झाला तेव्हा लोक काय विकत घ्यायला लागले? कागदावरचा नकाशा. जमीन भलत्याचीच, बिल्डिंग भविष्यात, पैसे मात्र आत्ता. काळजी घेणार तरी कशाची? बघायला फक्त बोर्ड.

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, २० मे १९६० ला, सरकारने फ्लॅटच्या व्यवहारातल्या गैरप्रकारांवर उपाय सुचवायला एक समिती नेमली. राज्याच्या पाळण्याची दोरी अजून हलत होती, आणि फ्लॅटची तक्रार आलीसुद्धा! समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १९६३ साली कायदा झाला. वकील मंडळी ज्याला 'मोफा' म्हणतात तो.

त्याच्या तिसऱ्या कलमात बिल्डरने काय काय उघड करायचं याची यादी आहे. जमिनीवरचा हक्क, तोही वकिलाने तपासून प्रमाणित केलेला. जमिनीवरचे बोजे. मंजूर नकाशे बघू द्यायचे. लिफ्ट आणि बाकीच्या सोयी कोणत्या ते सांगायचं. ताबा कधी देणार ती तारीख लेखी. कुठला फ्लॅट कुणाला किती किमतीला दिला त्याची यादीसुद्धा ठेवायची. चौथ्या कलमात: करार करून रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत.

फरक लक्षात येतोय ना? १८८२ चा कायदा म्हणत होता, 'जे शोधून सापडणार नाही तेवढं सांग.' १९६३ चा म्हणतो, 'शोधायला इथं काहीच नाही, तेव्हा सगळं सांग.' मला वाटतं या विषयाचा सगळा इतिहास एवढ्यात येतो. घेणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासारखं जे होतं ते कमी कमी होत गेलं, आणि तेवढीच विकणाऱ्याची सांगायची जबाबदारी वाढत गेली. गाव होतं तेव्हा गाव सांगायचं. गाव गेलं तेव्हा मालकाने सांगायचं. घरही गेलं तेव्हा बिल्डरने लेखी सांगायचं.

पण मोफात एक अडचण होती. बिल्डरने पाळलं नाही तर तुम्ही कोर्टात जायचं, आणि कोर्टात किती वर्षं जातात ते मी सांगायला नको. शेवटी २०१६ चा रेरा आला, १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं आणि ही यादी वेबसाइटवर गेली. जमिनीचा हक्क, बोजे, कोर्टातल्या केसेस, मंजूर नकाशे, किती फ्लॅट बुक झाले, सगळं घरबसल्या. पैसे घ्यायची मर्यादा वीस टक्क्यांवरून दहावर आली. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा. आणि जमिनीचा हक्कच सदोष निघाला तर त्याची भरपाई मागायला मुदतीची आडकाठी नाही. बाबांच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं सगळं मी पुण्यात बसून अर्ध्या तासात वाचलं. माझ्या ऑफिसातल्या रिलीज नोट्सपेक्षा बरं लिहिलेलं होतं. :-)

पण साखर पेठेतल्या घराला रेरा लागत नाही. एका माणसाने दुसऱ्याला जुनं घर विकलं तर आजही तेच १८८२ चं कलम ५५. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १९८० च्या दशकापासून घरमालकाला एक छापील फॉर्म भरून द्यावा लागतो: छत गळतं का, पाया खचलाय का, शेजाऱ्याशी वाद आहे का. आपल्याकडे तसा फॉर्म नाही. एक कलम, आणि बाकी मालकाची सद्सद्विवेकबुद्धी.

ट्रंकेतला कागद

म्हणून मी बाबांना फोन केला. "आडाचं सांगायचं. तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही, आणि ते काही फरशी उकरून बघणार नाहीत. तिन्ही अटी बसतायत."

"मलाही तेच वाटत होतं," बाबा म्हणाले. आवाजात सुटका होती.

"आणि बाबा, कलमात 'हक्कातला दोष' पण आहे. घराचे कागद व्हॉट्सॅपवर टाका जरा."

टाकले. १९६८ चं खरेदीखत आजोबांच्या नावे. आजोबा १९९४ साली गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर त्यानंतर तीन नावं: आजी, बाबा, काका. आजी २००८ मध्ये गेली, मग दोनच. आणि शेवटी ट्रंकेतला एक पिवळा पडलेला स्टॅम्पपेपर, १९९६ सालचा. त्यावर माझ्या दोन्ही आत्यांच्या सह्या, 'वडिलांच्या घरात आमचा काही हक्क नाही व पुढेही मागणार नाही.' रजिस्टर केलेला नाही.

आता बघा. लोकांना वाटतं मुलींना हक्क २००५ साली मिळाला. ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल. आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरात मुलींचा मुलांइतकाच वाटा १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच आहे. (फक्त तेव्हा एक मेख होती. कुटुंब राहत असलेल्या घरात, मुलगे वाटणी करत नाहीत तोवर मुलींना वाटणी मागता येत नव्हती. ती मेख २००५ च्या दुरुस्तीने काढली.) आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घरातला हक्क सोडायचा तर तो दस्त रजिस्टर व्हावा लागतो. ट्रंकेतला कागद म्हणजे नुसता कागद. आजोबांच्या घराचे आज चार सारखे वाटे होते: बाबा, काका, मोठी आत्या, धाकटी आत्या. चार-चार आणे. आणि विकायला निघाले होते दोघं, सोळा आणे!

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाबांकडे जो हक्क नाही तो ते त्या शिक्षकांना देणार कसा? उद्या आत्यांच्या मुलांनी दावा लावला तर ते जोडपं हप्ते भरत कोर्टाच्या पायऱ्या चढत बसणार. उताऱ्यावर नावं नसल्यामुळे त्यांना हे कळायलाही मार्ग नव्हता.

काका भडकले. "तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, तू कशाला उकरून काढलालास बे?" मग बाबांनी मला सांगितलं, धाकट्या आत्याला तूच फोन कर.

आत्या इचलकरंजीला असते. मी जमेल तसं समजावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यावेळी अण्णा जाऊन दोन वर्षं झालेली. घरी आले होते दिवाळीला. दादाने कागद पुढं केला, सही कर म्हणला, केली. त्यात माझं काही होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं बघ."

मला काही बोलता येईना. दोन वीकेंड मी वाचत होतो की घर विकणाऱ्याने परक्या गिऱ्हाइकाला काय काय सांगायचं. आणि स्वतःच्या बहिणीला तिचा हक्क सोडायला लावताना तिला तो आहे एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. आठवा ते कलम: समोरच्याच्या हक्काबद्दल तुम्हाला माहीत असेल आणि त्याला नसेल, तर सांगा. ते कलम विक्रीसाठी आहे, घरच्या हक्कसोडीसाठी नाही. घोड्याच्या उदाहरणात मात्र कायद्याने नात्याचा विचार केला होता. नातं असेल तिथं सांगायची जबाबदारी जास्त, कमी नाही. आपण घरात नेमकं उलटं करतो. परक्याला फसवायला लाज वाटते, आणि बहिणीला विचारायची गरज वाटत नाही.

बाबांनी दादा म्हणून तिला वाईट हेतूने फसवलं असं मला वाटत नाही. तेव्हा सगळे तसंच करायचे. पण 'सगळे तसंच करतात' हे कुठल्याही कलमात बसत नाही, हे त्यांनाही पटलं. पुढच्या रविवारी ते एकटेच एसटीने इचलकरंजीला जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

शेवट

शिक्षक जोडप्याला बाबांनी घरी बोलवलं, मागच्या खोलीत नेलं आणि फरशीवर पाय आपटून दाखवला. आवाज पोकळ येतो. सगळं सांगितलं, भेग, गवंडी, आड. ते चार दिवस गायब. एजंट बाबांवर जाम चिडला. पाचव्या दिवशी ते एक ओळखीचा इंजिनिअर घेऊन आले. त्याने कोपरा खणून नीट भरून वर काँक्रीटचा स्लॅब टाकायचा अंदाज दिला, तेवढे पैसे किमतीतून कमी झाले. सौदा ठरला.

मागच्या आठवड्यात खरेदीखत रजिस्टर झालं. 'लिहून देणार' या सदरात चार नावं आहेत. मोठ्या आत्याने तिचा वाटा बाबांना आणि काकांना द्यायचा ठरवला, पण आधी घेऊन मग दिला, स्वतःच्या चेकने. धाकटीने घेतला आणि ठेवला. काका अजून बोलत नाहीत, बोलतील.

घर घेत असाल तर माझा अनुभवाचा सल्ला एवढाच: प्रश्न लेखी विचारा. बुजवलेली विहीर आहे का, गळती आहे का, कर थकलाय का, कर्ज आहे का, कोर्टात काही आहे का, आणि मूळ मालकाला मुली किती होत्या. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर घोड्याचं तिसरं उदाहरण आठवा. आणि घर विकत असाल तर आधी स्वतःची ट्रंक उघडा.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी ऑफिसच्या बाकावर बसल्या बसल्या आत्याने मला विचारलं, "त्या आडाचं पाणी गोड होतं रे, तुला माहितीये?"

मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.